गयाचं घमेलं

माझ्या बायकोचं, गयाचं, जेवताना पहिलं बोट भाकरीला लागायचं नाही, ताटाच्या काठाला लागायचं. टण. भाकरी गार व्हायची अन् नवी चाल तयार व्हायची. "आवो, ऐका की," म्हणायची. ऐकल्याबिगर कालवण मिळायचं नाही, म्हणून मी ऐकायचो.

तिचा बाप हलगी वाजवायचा. गावात लग्न असो का मढं, बोलावलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. निलंग्याकडच्या आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा त्यानं देवांबरोबर हलगीही नदीत सोडली. गया मला सांगायची, "देवाचं काय न्हाई वाटलं. हलगीमागं मातर मी पाण्यात उतरले व्हते." गुलामी गेली याचा तिला लई आनंद. पण आता वाजवायचं कशावर?

दुष्काळात आम्ही तळ्याच्या कामावर माती टाकायला गेलो, तिथं तिनं घमेलं पालथं घातलं. 'तळं आम्ही खांदतो, पाणी कोण पिणार' असं गाणं जुळवलं अन् असं वाजवलं की उपाशी बाया उन्हात नाचायला लागल्या. मुकादम म्हणाला, "गयाबाई, काम हाय का जत्रा?" ही म्हणाली, "काम तुमचं, जत्रा आमची." मीही हौसेनं घमेलं धरलं. मला तालाचं अंग नाही. ताल चुकला की ती माझ्या मनगटावर हात ठेवायची. मग मी बंद.

पुढं लातूर जिल्हा झाला. मिरवणूक निघणार म्हणून गावचा पुढारी वस्तीत आला. हलगी पाठवा म्हणाला, तुमचं कामच ते. म्हातारे खाली बघायला लागले. जुनं जू परत मानेवर येतंय, असं वाटलं. गया म्हणाली, "हलगी नदीत गेली, दादा. आता बोलावलं म्हणून वाजवत न्हाई. मन झालं तर वाजवतो."

तो चिडून गेला. अन् मिरवणुकीच्या दिवशी हिला मन झालं. बोलावणं नसताना बाया घमेली घेऊन घुसल्या. भाड्याचा बँड सिनेमाचं गाणं सोडून आमच्या चालीमागं यायला लागला. गया भर रस्त्यात फुगडी घालत होती, पुढाऱ्याचा फेटा सुटला होता, अन् तोसुद्धा नाचत होता.

यंदा गया गेली. मयताला वाजवायचं आम्ही कधीच सोडलेलं. मला कुणी बोलावलंही नव्हतं. तिचं घमेलं पालथं घातलं अन् वाजवायला लागलो. ताल चुकत होता, बाया रडता रडता पदरात हसत होत्या. मी थांबलो नाही. चुकतच वाजवत राहिलो, मनगटावर हात येईल म्हणून.