दारथांगीचा तांदळाचा डबा

मिझो डोंगरातल्या दारथांगी चाळीस वर्षं दोन्ही वेळचे तांदूळ मोजले, की आधी त्यातली एक मूठ देवासाठी घरातल्या चर्चच्या डब्यात टाकत आली होती. यंदा लकव्यानं तिचा उजवा हात मिटेनासा झाला, तेव्हा ट्रक चालवणारा मुलगा रुआता स्वयंपाकाला घरी आला. वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेल्या पोराला डबा आठवेल का? तिनं ठरवलं, आपण सांगायचं नाही.

रुआतानं तांदूळ पातेल्यात ओतले आणि पाण्याचा तांब्या उचलला. तिची नजर डब्याकडे गेली. तेवढ्यात त्यानं तांब्या खाली ठेवला, हात पुसला आणि भरली मूठ डब्यात टाकली.

"अरे, अस्वलाचा पंजा तुझा! आपण काय खायचं?"

"कमी खाऊ. ट्रकमध्येही डबा आहे माझा, आई. रविवारी जिथं चर्च लागेल तिथं देतो."

"कधी बोलला नाहीस!"

"तू तरी कुठं बोलायचीस? नुसती टाकायचीस."

शनिवारी तांदूळ गोळा करणाऱ्या बायका आल्या. दारथांगीनं त्यांना दारातच गाठलं.

"डबा दोन हातांनी उचला गं. माझ्या पोराची मूठ आहे."