गळा सरचा, इंग्रजी माझी

"युवर इंग्लिश इज एक्सलंट," तो जर्मन मानूस म्हनला.

"थँक यू," सर म्हनले. अन् हसले.

मी आमच्या गावी, देऊळघाटात, घरात कानाले हेडफोन लावून बसली होती. कॅमेरा बंद. माइक बंद. सरनं आत्ताच जे वाचून दाखवलं ते मी सकाळी लिहून पाठवलं होतं. शब्द न् शब्द माझा. प्रोग्राम माझा, त्याची माहिती सांगनारी वाक्यं माझी, अन् शाबासकी पुन्यात बसलेल्या मानसाले.

मंग जर्मन मानसानं इचारलं, यादीत हे दुसरं नाव कोनाचं? दर बैठकीले असते, बोलत तर कधीच नाई.

सर म्हनले, "शी इज जस्ट अवर टायपिस्ट. व्हिलेज गर्ल. नो इंग्लिश."

नो इंग्लिश! अरे, मले बोलाले जड जाते, पन ऐकू तर येते ना? मी काय बहिरी हाय? माझ्याच कानात, माझ्याबद्दल, मी नसल्यासारखं बोलले. अंगाची आग आग झाली.

सरची अन् माझी गाठ पुन्यात पडली होती. ते परदेशातून सॉफ्टवेअरचं कंत्राटी काम आनत अन् आमच्यासारख्या पोरापोरींकडून करून घेत. मी बुलढान्याच्या कॉलेजात शिकून मुलाखतीले गेली. समोर तिघं बसले होते. मराठीतच इचारलं म्हनून मी सांगू लागली, "मले हे काम जमते." तिघंही एकमेकाकडं पाहून हसले. सर म्हनले, "बोल ना अजून थोडं. ऐकायला मजा येते."

अन् मी येडी! मीबी हसली त्यायच्यासंगं. त्या हसन्याची मले आजबी लाज वाटते.

प्रोग्राम लिहून दाखवाची परीक्षा झाली, त्यात मी पहिली आली. मंग सरनं अट सांगतली. "डोकं चांगलं आहे तुझं. फक्त तोंड उघडायचं नाही. क्लायंटशी मी बोलेन."

मी हो म्हनली. हे लपवत नाई. तीन वर्सं हो म्हनत राह्यली. परदेशातल्या लोकायले वाटे का प्रोग्राम सरच लिहितात. बैठकीत काय इचारतीन त्याचा मी आधी अंदाज घेओ, त्यायचे उत्तरं सोप्या इंग्रजीत लिहो, सर तेच कागदावरचं झोकात वाचून दाखवत. मले वाटे, चाललं ते बरं चाललं. घरी बसून काम भेटून राह्यलं, आनखी काय पाह्यजे?

त्या दिवशी माय बाजूले बसून तूर निवडून राह्यली होती. तिनं माझं तोंड पाह्यलं.

"काय झालं वं?"

"सर त्या मानसाले सांगून राह्यले का मी नुसती टाइप करनारी हाय."

"काम तर तू करतं. मंग बोलते तो काऊन?"

"मले इंग्रजी येत नाई म्हनून."

"मंग सकाळपासून तू लिहून काय राह्यली होती?"

मायनं सहज इचारलं अन् परत तुरीत हात घातला. मी मात्र तिच्याकडं पाहतच राह्यली. ज्या इंग्रजीले तो मानूस एक्सलंट म्हनला ती माझी होती. सरचा नुसता गळा होता. अन् त्या जर्मन मानसाची इंग्रजी कशी होती? तोबी मधातच थांबे, शब्द शोधे, नाई सापडला तं आपल्या भाषेतला घुसडे. त्याले कोनी गावठी म्हनत नाई. सर तर त्याच्यापुढं मान हलवून हलवून थकत नोहते. अडखळते कोन ते पाहूनच लोक हसतात, हे मले तवा समजलं.

त्याच बैठकीत पुढच्या पुऱ्या वर्साचं काम ठरनार होतं. जर्मन मानसानं इचारलं, एकच नोंद दोनदा आली तर तुमचा प्रोग्राम काय करते? हे माझ्या कागदावर नोहतं. सर थोडे चाचरले. मंग बिनधास्त म्हनले, "माय टायपिस्ट मेड अ मिस्टेक देअर. आय विल करेक्ट इट."

चूक! तिथं चूक नोहतीच. तो त्या प्रोग्रामातला माझा सगळ्यात चांगला भाग होता. चार दिवस डोकं फोडलं होतं मी त्याच्यासाठी.

मी माइक चालू केला. कॅमेराबी चालू केला.

"आय रोट धिस प्रोग्राम. ही रीड्स माय पेपर. यू आस्क मी."

सर मराठीत ओरडले, "ए, माइक बंद कर! लायकी आहे का तुझी?"

"ते त्याले ठरवू द्या," मी म्हनली.

वीस मिनिटं बोलली. क्रियापदं चुकली. तीनदा "वन मिनिट" म्हनून थांबली. तो इचारत गेला, मी सांगत गेली, पडद्यावर दाखवत गेली. त्याले सगळं समजलं.

तुमाले वाटलं असन, त्यानं मले शाबासकी देल्ली, काम देल्लं. तसं काई झालं नाई. दोन दिवसानं त्याचा मेल आला. तुमी दोघायनंबी आमाले फसवलं, म्हने, आता दोघायसंगंबी काम नाई. खरं होतं ते. त्या खोट्यात मीबी होती. म्हनूनच जास्त लागलं.

त्याच दिवशी सरचा फोन आला. "आता कोण देणार तुला काम? तुझी इंग्रजी ऐकलीस का कधी?"

"ऐकली ना. तीन वर्सं तुमच्या तोंडून ऐकली."

फोन मीच ठेवला.

आता मी माझ्या नावानं परदेशातल्या कामाले अर्ज करते. परवा एका बाईनं चौथ्या मिनिटाले बैठक बंद केली. तुमचं बोलनं समजत नाई, म्हने. राग आला. रडूबी आलं. दुसऱ्या दिवशी आनखी तीन अर्ज केले. मधात पुन्याच्याच दुसऱ्या एका मानसाचा निरोप आला, पगार जास्त देतो, बोलाले आमचा पोरगा राहीन. त्याले लिहून देल्लं: काम मी करीन अन् त्याच्याबद्दल मीच बोलीन. चुकीन, थांबीन, शब्द शोधीन. ज्याले दम नसन त्यानं दुसरीकडं जावं. माझ्या जागी आता कोनी बोलनार नाई.