बदली माणूस

कोळशाच्या वीजकेंद्रात भट्टी सांभाळण्यात काकांची उभी हयात गेली. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. केंद्र बंद पडलं आणि काका सोलर पॅनेल पुसायला लागले. सूर्य मावळला तरी दमलेले काका आपले स्टुलावरच. बदलीला येणार कोण?

शेवटी काकूच आल्या. "अहो, सूर्यसुद्धा घरी गेला! उठा आता."

"पेटती भट्टी अशी सोडतात का?"

"कुठली भट्टी? बरं बाई, मी आले बदलीवर."

काकांनी हुश्श केलं. "सगळं ठीक आहे, लक्ष ठेव," म्हणत ते गुडघे धरून उठले आणि खरोखरच घराकडे निघाले.

"झोपा गं बायांनो," असं पॅनेलांना सांगून काकूही मागोमाग निघाल्या.