गुरुजी, चप्पल

"आलोच!" एवढं म्हणून गुरुजी उठायचे. उजवा पाय चपलेत जायचा, डावा अनवाणीच राहायचा, आणि तसेच ते फाटकाबाहेर. डावी चप्पल आमच्या ओट्याशी पडून असायची. 'आलोच' म्हणून गेलेला माणूस कधी चहा निवायच्या आत यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. आल्यावर चेहरा असा, जसं मधे काही झालंच नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. आठवून बघा. ज्याला सगळे 'माणूस चांगला आहे, पण' म्हणतात आणि त्या 'पण'च्या पुढे नुसतं हसतात.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. धारला आमची पिठाची चक्की आहे. आजोबा दरबारच्या पागेत होते, वडिलांनी चक्की टाकली, आणि मी जन्मभर तिच्यासमोर स्टुलावर बसलो. बसणं हे एकच काम मला नीट येतं. गुरुजींना नेमकं तेच येत नव्हतं. म्हणूनच आमचं जमलं असेल.

ते आमच्या गल्लीतल्या देवळात पूजेला होते, शिवाय घरोघरी कार्यं करायचे. चाळिशीचे असतील. गव्हाचा डबा आणायचे, "काका, बाटीचं जाडं दळा हं," म्हणायचे आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे काय चाललंय ते बघायला जायचे. तिथून पुढे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. पंक्चरवाला मला ओरडून विचारायचा, "भिया, पंडितजी किधर निकल लिए? गाडी की चाबी तो यहीं छोड़ गए!"

पीठ डब्यात बसून घट्ट व्हायचं. मग कधीतरी गुरुजी धापा टाकत यायचे. "काका, माझा डबा तुमच्याकडे तर नाही ना राहिला?"

"नाही गुरुजी. तो चालत नालछ्याला गेला."

"खरंच?" आधी असं म्हणायचे, मग हसायचे.

पण चक्की सुरू असली की हाच माणूस भिंतीला टेकून शांत बसायचा. पट्ट्याचा तो धडधडाट, लोक कानात बोटं घालतात, आणि हे डोळे मिटून मंत्र घोळवत बसलेले. म्हणायचे, "काका, बाहेर एवढा गोंगाट असला की डोक्यातला गप्प होतो." मला वाटायचं, काहीतरी बोलतात. अंगावर पीठ बसून बसून म्हाताऱ्यासारखे पांढरे व्हायचे आणि तसेच आरतीला जायचे.

पाठांतर मात्र असं की विचारू नका. आणि एखादं काम डोक्यात शिरलं तर हलायचे नाहीत. एकदा देवळातली समई घासायला घेतली. घासता घासता तिचे सगळे पेच उघडले, एकेक तुकडा चिंचेनं लख्ख केला. बाहेर आरतीला माणसं टाळ घेऊन उभी, आणि आत गुरुजी समईच्या दांड्यात फुंकर मारून बघतायत.

लोकांनी हे सगळं चालवून घेतलं. चालवून घेता आलं नाही ते देवळाच्या सेक्रेटरींच्या घरचं. बँकेतून निवृत्त झालेला कडक माणूस. तिरल्याच्या रस्त्याला त्यांनी नवीन घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. अशा कार्यात आधी नांदीश्राद्ध असतं. घरातल्या गेलेल्या पूर्वजांची नावं घ्यायची, की बाबांनो, कार्य आहे, आशीर्वाद द्या. गुरुजींनी सकाळी विचारलं होतं, "वडील आहेत ना?" सेक्रेटरी म्हणाले, "आहेत." पण तेवढ्यात गुरुजींचं लक्ष नव्या पंख्याकडे गेलं होतं. तो आवाज न करता फिरतो कसा, याच्याकडे.

झालं. गुरुजींनी खणखणीत आवाजात जी पहिली हाक घातली ती सेक्रेटरींच्या वडिलांना. वडील समोर खुर्चीत. नव्वदीचे, पण कान शाबूत.

"अहो गुरुजी!" म्हातारबा काठी आपटून ओरडले. "मी अजून इथेच आहे! जेवणाची वाट बघतोय!"

मांडव हसून लोळला. सेक्रेटरी हसले नाहीत. मुलाच्या हातून जिवंत बापाला पितरांत बसवलं, हे काही लहान नाही. देवळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की सणावाराची पूजा दुसऱ्या माणसाकडे द्यायची आणि यापुढे एकही तक्रार आली तर गुरुजींना रामराम. देवळाचीच खोली त्यांना राहायला होती. म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं.

गुरुजींची बायको सरकारी शाळेत शिकवायची. गल्ली तिला मॅडमच म्हणायची. हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोलते पण वाचायला दिलं तर अडखळते. ती आमच्या हिच्याकडे येऊन रडली. मग म्हणाली, "काकू, ट्रेनिंगमध्ये त्या बच्च्यांबद्दल सांगत होते ना, जे क्लासमध्ये टिकून बसत नाहीत, सामान हरवतात, आधी बोलतात मग सोचतात. मला तर सारखे हेच दिसत होते. मी ट्रेनिंगवाल्या मॅडमना विचारलं, बडे लोगों में भी होता है क्या? त्या म्हणाल्या, होता है, बस कोई देखता नहीं."

दोघं इंदूरला मनाच्या डॉक्टरकडे गेली. मी तर तोंडावर म्हटलं, "गुरुजी, वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला? चांगले खाता-पिता." ते म्हणाले, "काका, खातो-पितो, पण ताटावर बसून नाही ना."

डॉक्टरनं लगेच काही ठरवलं नाही. झोप कशी, थायरॉइड आहे का, मन खिन्न असतं का, सगळं विचारलं, रक्त तपासलं. कारण विसरायला कारणं पुष्कळ असतात. मग लहानपणाचं विचारलं. हे मोठेपणी उगवत नाही म्हणे, लहानपणापासून असावं लागतं. देवासला गुरुजींच्या आईला तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, "अहो, याच्या मुंजीत मातृभोजनाला आम्ही मायलेक एका ताटात जेवायला बसलो, तर हा पहिला घास घेऊन माकड बघायला पळाला. सगळं ताट मी एकटीनं संपवलं!" डॉक्टर हसला म्हणे, आणि लिहून घेतलं.

परत आल्यावर गुरुजी आमच्या ओट्यावर बसून सांगत होते. नाव इंग्रजी, एडीएचडी. "तीन तऱ्हा असतात, काका. एकाचं अंग पळतं. बसवत नाही, थांबवत नाही. दुसऱ्याचं अंग जागेवर, पण मन पळतं. तो समोर बसलेला असतो आणि नसतोही. तो कोणाला दिसत नाही, कारण तो त्रास देत नाही. आणि तिसऱ्याचं दोन्ही पळतं. मी तिसरा."

"आमच्या वेळी याला मस्ती म्हणायचे," मी म्हटलं.

आमची ही मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"गुरुजी, त्या दुसऱ्याचं सांगा ना," ती म्हणाली. "तो नळाखाली बादली लावतो आणि उभा राहतो, बादली भरून वाहते तरी त्याला दिसत नाही, असं असतं का?"

"असतं, काकू."

"कोणी बोलत असलं तर ऐकू येतं, पण आत जात नाही?"

"हो."

"आणि त्याला सगळे ओरडतात?"

"सगळे. जन्मभर."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते?"

 आत दूध उतू जात होतं. मी उठून गॅस बंद केला.

पुढच्या खेपेला तीही त्यांच्यासोबत इंदूरला गेली. डॉक्टर म्हणाला, आजी, तुम्ही दुसऱ्या तऱ्हेतल्या आहात. तिचं हृदय नाजूक होतं, म्हणून तिला गोळी दिली नाही, रीत शिकवली. एका वेळी एकच काम. वस्तूची एकच जागा. नळ सोडला की हात नळावरच. गुरुजींना गोळी दिली. सुरुवातीला त्यांची भूक गेली, तोंड कोरडं पडायचं, मंत्र म्हणताना जीभ चिकटायची. डॉक्टरनं मात्रा कमी केली, मग मानवली. मी विचारलं, "गोळीनं पळणं थांबलं का?" म्हणाले, "थांबलं नाही काका. पण आता ब्रेक लागतो."

आणि आणखी एक रीत होती, मला सगळ्यात खुळचट वाटलेली. कामाला बसताना शेजारी कोणीतरी बसवायचं. मदत नाही करायची, नुसतं बसायचं. म्हणून रोज सकाळी गुरुजी पूजेची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. ते दर्भ, सुपाऱ्या, जानवी लावून ठेवायचे, आणि ही समोर बसून डाळ निवडायची. दोघांचा एकमेकांवर पहारा. गुरुजी न सांगता उठले की ही मान वर न करता म्हणायची, "गुरुजी, चप्पल." गुरुजी खाली बघायचे, एक पाय चपलेत गेलेला असायचा. मुकाट्यानं बसायचे. थोड्या वेळानं ते म्हणायचे, "काकू, नळ." ही आत पळायची.

मी चक्कीवरून बघायचो. एवढी वर्षं संसार केला, पण तिला मी इतकं हसताना बघितलं नव्हतं.

ती थंडीत गेली. डाळ निवडायचं सूप मांडीवरच होतं.

वर्षश्राद्ध आलं. मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, "बाबा, दुसरे गुरुजी बघू. हे अर्ध्यातून उठून जातील. आईच्या कार्यात तमाशा नको." मी म्हटलं, "तुझ्या आईला हेच चालले असते. बाकी कोणाला काय वाटायचं ते वाटू दे." सेक्रेटरींना जेवायला सांगितलं होतं. ते आले, आणि खुर्ची ओढून अगदी पुढे बसले. कशासाठी बसलेत ते सगळ्यांना कळत होतं. गुरुजींनाही.

सुरुवातीआधी गुरुजी माझ्याजवळ आले. "काका, समोर बसाल? काकू बसायच्या तिथे?"

मी बसलो.

चांगलं चाललं होतं. गुरुजींचा गुडघा हलत होता, पण हात बरोबर जागी पडत होते. मग पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. वानरं. एक भलं मोठं वानर शेजारच्या गच्चीवर कोणाचा तरी टॉवेल घेऊन बसलं. मुलगाही बघायला लागला. गुरुजींची मान वळली, मग खांदा वळला, मग ते उठले. ओट्याच्या पायरीशी गेले. उजवा पाय चपलेत.

सेक्रेटरी खुर्चीत सरसावून बसले.

माझ्या तोंडून निघालं, "गुरुजी, चप्पल."

ते थबकले. पायाकडे बघितलं. परत आले, हात धुतले, पाटावर बसले. वानर टॉवेल फाडत होतं, गुरुजींनी परत मान वर केली नाही.

मग नाव घ्यायची वेळ आली. मुलानं हातात पाणी घेतलं. गुरुजींनी गोत्र म्हटलं, हिचं नाव घेतलं, आणि थांबले. पुढचं काही येईना. सगळे बघतायत. मुलाच्या बोटांतून पाणी गळून गेलं.

"विसरले," सेक्रेटरी हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला वाटलंच होतं."

मी गुरुजींच्या समोर होतो. मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"विसरले नाहीत," मी म्हटलं. "गप्प बसा जरा. आठवतंय त्यांना."

सेक्रेटरींनी वाकून बघितलं. मग त्यांनीही मान खाली घातली. गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं, मुलाला पुन्हा पाणी घ्यायला सांगितलं आणि शेवटपर्यंत एकही अक्षर न चुकवता कार्य पार पाडलं. जेवताना सेक्रेटरी त्यांच्या शेजारी बसले. देवळातली दिवाळीची पूजा गुरुजींनीच केली.

पुढे मॅडमची बदली देवासला झाली, गुरुजींची आई तिथे एकटी होती, म्हणून ते सगळे गेले. गाडीत सामान चढवलं, पाया पडले, "आलोच काका, जमेल तसा," म्हणाले. गव्हाचा डबा माझ्याकडेच राहिला.

आता सकाळी त्यांचा व्हिडिओ फोन येतो. बोलायचं काही नसतं. ते तिकडे फोन भिंतीला टेकवून पिशवी लावतात, मी इकडे फोन पिठाच्या डब्याला टेकवून डाळ निवडतो. मला डाळ निवडता येत नव्हती. आता येते.

आजही लावला होता. सुपाऱ्या पुसता पुसता ते एकदम दाराकडे बघायला लागले. मी तोंड उघडेपर्यंत "आलोच!" ऐकू आलं. फोनमध्ये रिकामा पाट, अर्धी भरलेली पिशवी आणि उंबऱ्याशी एक चप्पल. डावी.

मी फोन ठेवला नाही. चक्की सुरू केली, आवाज तिकडे जावा म्हणून, आणि समोर बसून राहिलो.