पौर्णिमेचं मांस

थायलंडातल्या पिचितच्या बाजारात लमियतचा डुकराच्या मांसाचा गाळा होता. नवरा वारल्यापासून त्यात धाकटा दीर विरात भागीदार. चंद्राची अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या आली की लमियत सुरी धुऊन टांगायची. त्या तारखांवर कॅलेंडरात बुद्धाचं इवलंसं चित्र असतं; तेव्हा कत्तलखाना बंद, वार कुठलाही असो.

त्या वर्षी अधिक महिना होता, आठवा महिना दोनदा. विरातला आयतंच सापडलं.

"वहिनी, हा आठवा खोटा. खरा पुढचा. खोट्या महिन्याची पौर्णिमा कशाला पाळायची?"

"महिना खोटा, पण डुक्कर तर खरंच मरतं ना, भाऊजी?"

तो फिदीफिदी हसला.

पौर्णिमेच्या सकाळी विहारात जाता जाता ती छत्री घ्यायला गाळ्यावर वळली. आत विरात उपासकाच्या पांढऱ्या कपड्यांत, बाह्या सरसावून, बर्फाच्या पेटीतलं शिळं मांस ताजं दिसावं म्हणून पावडर लावून चोळत होता. मांस हिरवट पडलं होतं, बोटांना चिकट तारा सुटत होत्या.

"अहो, हे कुणाला घालणार?"

"हॉटेलवाल्यांना. आज सगळे गाळे बंद, म्हणेन तो भाव. एक पातेलं विहारातही पाठवलंय. चक्रफूल घातलं की वास मरतो."

ती तशीच धावत सुटली. विहारात भिक्खू पंगतीला बसले होते, वाढप सुरू व्हायचं होतं. तिने ते पातेलं उचललं आणि मागच्या गटारात ओतलं. विहारातली कुत्री धावत आली अन् हुंगून मागे सरली.

"दानाचं अन्न ओतलंस? जळो तुझं तोंड!" बायका तुटून पडल्या.

"वास तरी घेऊन बघा!"

कुणी वाकलं नाही. मोठे भिक्खू कुत्र्यांकडे बघत राहिले, मग नुसता भात जेवले. दुपारी विरातने विहाराला पंखा दिला आणि भोंग्यावरून त्याच्या नावाचा जयजयकार झाला.

लमियतने त्याच आठवड्यात भागीदारी सोडली. आता ती नदीच्या घाटावर केळी तळते. मांस तिच्या घशाखाली उतरत नाही. विरातचा गाळा बाराही महिने उघडा असतो, गिऱ्हाइकांची रीघ लागते. वाटेत भेटला की तो हात जोडतो, "कशी आहेस, वहिनी?" म्हणतो.

ती बाजूला थुंकते आणि पुढे चालू लागते.