अँजिओसार्कोमा म्हणून मी मोकळा झालो

फोन ठेवला आणि मग स्लाइड पुन्हा नीट बघितली. क्रम उलटा हवा होता. पण माझी हुशारी नेहमीच माझ्या पुढे धावते.

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या सुनीताताईंच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा आला होता. सुईने काढलेला, शेवईच्या तुकड्याएवढा. त्यावर ईआरजी नावाची तपासणी केली. पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या असतील तर त्यांची केंद्रकं तपकिरी होतात. झाली की! फुफ्फुसात असं क्वचितच दिसतं. छातीचे डॉक्टर म्हणजे माझा मित्र विनय. त्याला खुशीत तोंडी कळवलं, "अँजिओसार्कोमा!"

हा रक्तवाहिन्यांचा भयंकर वेगवान कॅन्सर. विनयने लगेच दुसऱ्या दिवसाची केमो ठरवली.

आता बघतो तर पेशी शांत. काहींच्या पोटात पोकळी, एकीच्या पोकळीत चक्क लाल रक्तपेशी. हे तर संथ कॅन्सरचं रूप. ईआरजी घराणं सांगते, माणूस नाही. याच घराण्यात ईएचई नावाचा संथ भाऊही आहे, आणि अशी पोकळी ही त्याची खूण.

धावत शेजारच्या सीटी सेंटरला, रेडिओलॉजिस्ट मानसी मॅडमकडे गेलो.

"दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी आहेत," त्या म्हणाल्या. "जुन्या सीटीतही होत्या, जवळपास एवढ्याच. तुम्ही बघितला नव्हता?"

"नाही."

"वा! मग आम्ही फोटो काढतो कशाला, भिंतीला लावायला?"

विनयला फोन केला. "केमो थांबव."

"अरे, सकाळी तूच म्हणालास! मी तिच्या भावाला सांगून बसलोय, काही महिनेच म्हणून."

भाऊ थेट लॅबमध्ये आला. "साहेब, ताईची पोरगी बारावीला हाय. खरं काय ते सांगा."

"थोडे दिवस द्या. मी घाई केली."

तो आपला फोन नंबर माझ्या टेबलावर लिहून ठेवून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कॅम्टा-वन ही तपासणी मुंबईला पाठवली. ईएचईमध्ये बहुतेकदा तीही पॉझिटिव्ह येते, अँजिओसार्कोमात येत नाही. रोज चहा गार करायचा आणि मुंबईला फोन लावायचा, एवढंच काम उरलं. तिकडची मुलगी माझा आवाज ऐकताच "रिपोर्ट नाही आला, सर" म्हणायची.

शेवटी आला. पॉझिटिव्ह! केमो रद्द, दर काही महिन्यांनी सीटी.

"म्हंजे पोरीची बारावी बघंल ना ती?" भावाने विचारलं.

"बारावी बघतील. त्यापुढचं मात्र सीटी बघून सांगू," मी म्हणालो. आधी सीटी, मग तोंड.

माझा चेहरा बघून टेक्निशियन पेढे मागायला लागले. त्यांना वाटलं, गाठ साधी निघाली. कॅन्सरच होता. पण आमच्या धंद्यात पेढे असल्याच बातम्यांवर वाटावे लागतात.