साहेबाचं थडगं आणि आमचा वीर

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की अजूनही मी नाकाला पदर लावते. निजामाचं राज्य होतं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सासूबाई मला बैलगाडीतून जवळा बाजारच्या पुढच्या माळावर घेऊन गेल्या. तिथं इंग्रजांच्या फौजेशी लढताना सासरचा एक पूर्वज पडला होता. त्याच्या वीरगळाला नव्या सुनेनं शेंदूर लावायचा आणि त्या दगडावर ठेवलेला गूळ तोंडानं उचलायचा, ही घरची रीत. पुरुषमंडळी वीराला बोकड द्यायला आधीच पोचली होती. आम्ही उतरलो तर वीरगळ आडवा पाडलेला, आणि त्याच्यावरच मामंजी बोकड तोडून राहिले होते! कोरलेल्या वीराच्या तोंडावर चरबी थिजलेली, तलवारीवर आतडं पसरलेलं, वर माशांचं मोहोळ. शेजारीच त्या लढाईत मेलेल्या साहेबाचं थडगं होतं, रुंद, सपाट, चुन्यानं पांढरंशुभ्र. "काहून हो, तिथं तोडलं असतं तर?" सासूबाईंनी विचारलं. मामंजी दचकले. "येडी झालीस का? सरकारी दगड हाय त्यो. डाग पडला तर तकलीफ व्हईल." मग त्यांनी आमचा दगड धोतराच्या सोग्यानं पुसल्यासारखा केला, त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि मला म्हणाले, "उचल, पोरी." मी वाकले, तशीच उठले आणि साहेबाच्या थडग्यावर जाऊन भडाभडा ओकले. पोरीला घाईत जागा कळली न्हाई, असं सासरचे पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले. मला जागा बराबर कळली होती.